आतला पत्रा

शिमगा झाला की माझा फोन तापतो.
"उत्तरेश्वर, येऊन जा रे, कूलर नुसता गुरगुरतोय."
गंजगोलाईमागच्या बोळातून मी निघतो,
पिशवीत पंप, बुश, पाना, सुतळी,
कॅरिअरला कूलरच्या गवताचा भारा.

आधी टपात हात घालायचा.
सालमचाचा चाऊस म्हणायचे,
घर दारातून कळत नसतं, टपातून कळतं.
बोअरचं पाणी असलं तर कडेला पांढरी खडी,
नळाचं असलं तर गाळ,
टँकरचं असलं तर काहीही,
एकदा तर शिंपला निघाला.
पेनाची टोपणं, गोट्या, केसांच्या पिना.
एका घरी मंगळसूत्राची वाटी निघाली.
तिच्यापायी सासू-सुनेचं नऊ महिने बोलणं बंद होतं म्हणे.
मी पुसून कट्ट्यावर ठेवली.
दोघी बघत राहिल्या, उचलली कुणीच नाही.
चहा मात्र मला दोनदा आला.

क्षार निघतो लिंबाच्या सतानं, पण सबुरीनं.
ठोकलं की पत्रा फाटतो.
पंप कोरडा पळवायचा नाही.
मोटारीला तेलाचे दोन थेंब,
तिसरा घातला की धूळ खाते.
एवढीच विद्या. बाकी सगळं कान.
झिजल्या बुशाचा आवाज वेगळा, ढिल्या स्क्रूचा वेगळा.
चाचांना शेवटी ऐकू येईना,
तेव्हा पत्र्याला दात लावून सांगायचे.

खाडगाव रोडचं भालेराव गुरुजींचं घर मी शेवटी ठेवतो.
कूलर ठोकून घेतलेला, अठरा गेजचा,
आजचे प्लास्टिकचे तीन मावतील त्यात.
मागची जाळी काढली की आत, पंख्याच्या शेजारी,
ऑइलपेंटनं, गुरुजींच्या वळणदार अक्षरात:

९ मार्च ९४. गवत बदलले. पंप नवा, रु. १४०.
१ मार्च ९७. तळाला डांबर. मीनाक्षीची दहावी, म्हणून लवकर.
२ एप्रिल ०३. पंखा उलटा फिरत होता. चूक माझी.
११ मार्च १६. पाणी नाही.
आणि खाली, बारीक:
टप घासून घेतला. पिण्याचे साठवण्यास.

त्या साली लातूरला पाणी रेल्वेनं आलं.
मी न् चाचा दुकानात कोऱ्या गवताच्या ढिगावर बसून असायचो.
गवताला रानाचा वास येत होता,
भिजवायला काही नव्हतं.

गुरुजी गेल्या दिवाळीत गेले.
यंदा जाळी प्रयागबाईंनी धरली.
गंज अक्षरांपर्यंत चढलेला.
"आतून रंग मारू का?"
म्हणाल्या, "अक्षरं सोडून मारता येतो?"

येतो. वेळ लागतो.
दुपारभर मी बारीक ब्रशनं
काना-मात्रांच्या कडेकडेनं रेडऑक्साइड भरत बसलो.
'चूक माझी'पाशी हात जरा जपून.

पाणी ओतलं. पंप घुटमळला, मग चढला.
बाई समोर गार हवेत आल्याच नाहीत.
मागं जाऊन उभ्या राहिल्या,
जिथून कूलर बाहेरची झळ ओढून घेतो.
"इथं खुर्ची टाकून बसायचे.
म्हणायचे, आवाज ऐकतोय."

पैसे देताना नोट हातातच धरून विचारलं,
"ब्रश कोरडा झाला का रे?"
नव्हता झाला.
पदर खोचून त्या आत वाकल्या,
तारीख घातली, गवत बदलले लिहिलं, आणि थांबल्या.
"पंपाचं काय लिहू?"
"जुनाच आहे. चालतोय."
"जुनाचा जु पहिला का दुसरा?"

पहिला, मी म्हणालो.
ह्याच घरातल्या माणसानं
चौथीत कान धरून शिकवलेला.